तांब्याच्या बंद डब्याचा रेटा

एसटीत बसून पुढच्या सीटला कितीही रेटलं तरी एसटी जागची हलत नाही. खाली उतरून, रस्त्यावर पाय रोवूनच धक्का मारावा लागतो. रॉकेटसुद्धा मागे वायू फेकतं म्हणून पुढे जातं. ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांचं म्हणणं वेगळं होतं. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता असा तांब्याचा बंद डबा घ्यायचा, आत मायक्रोवेव्ह सोडायच्या. बाहेर काहीही न फेकता जोर मिळतो. हाच 'ईएमड्राइव्ह'. बाहेरचं काही मागे ढकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम यात मोडत नाही, असं ते सांगत. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. तरी २००१ मध्ये ब्रिटनच्या व्यापार-उद्योग खात्याने त्यांना ४५ हजार पौंड दिले.

अमेरिकेत अशा कल्पनांसाठी सरकारी दार आधीच किलकिलं झालं होतं. १९९६ मध्ये नासाने क्लीव्हलँडच्या केंद्रात मार्क मिलिस यांच्या हाताखाली एक छोटा प्रकल्प सुरू केला. २००२ पर्यंत तो चालला. खर्च वीस लाख डॉलरच्याही आत. नासाच्या हिशेबात चिल्लरच.

मग ह्यूस्टन. तिथे नासाच्याच, हॅरॉल्ड व्हाइट यांच्या 'ईगलवर्क्स' प्रयोगशाळेने २०१४ मध्ये याच जातीचं एक यंत्र तपासलं. त्याच्या शोधकाच्या मते आतल्या खाचांशिवाय जोर येणं शक्य नव्हतं. म्हणून तुलनेसाठी बिनखाचांचं यंत्रही लावलं, तर जोर दोन्हींत दिसला! माझ्या मते संशयाला एवढं पुरे होतं. पण मथळे झळकले ते 'नासाने सिद्ध केलं' असे. २०१६ च्या शोधनिबंधात या प्रयोगशाळेने ईएमड्राइव्हसाठी किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन जोर नोंदवला. नुसत्या प्रकाशझोताच्या धक्क्याच्या हा साडेतीनशे पटींहून जास्त, तरीही कागदाच्या चिटोऱ्याच्या वजनाएवढाच. इतकं बारीक मोजायचं तर डबा तापून किंचित फुगला तरी तराजू झुकतो.

चीनच्या शियानमध्ये यांग जुआन यांच्या चमूने तर ७२० मिलिन्यूटनचा आकडा दिला होता. पुढे बाहेरच्या वीजतारा काढून यंत्रातच बॅटरी बसवली, आणि मोजण्याजोगं काही उरलं नाही. ड्रेस्डेनमध्ये मार्टिन टायमार यांनी जर्मन सरकारी पैशातून तराजूचाच पिच्छा पुरवला. २०१८ मध्ये त्यांनी डब्यात जाणारी ऊर्जा जवळजवळ बंद केली, तरी 'जोर' तसाच राहिला. तारांमधला विद्युतप्रवाह आणि पृथ्वीचं चुंबकक्षेत्र यांचा तो खेळ असावा. २०२१ मध्ये डबा टांगण्याची पद्धत बदलल्यावर उरलासुरला जोरही गेला.

त्याच २०१८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या माइक मॅककुलॉक यांना तेरा लाख डॉलर मंजूर केले. ईएमड्राइव्हचा जोर कुठून येतो, याचं स्पष्टीकरण त्यांनी आधीच मांडून ठेवलं होतं.