पाण्यात भिजतं म्हणूनच कातडं घडतं

‘चामड्याला पाणी लागलं की त्याचा निकाल लागला,’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण पूल किंवा स्नूकरच्या क्यूसाठी, म्हणजे खेळायच्या काठीसाठी, जुन्या धाटणीची चामडी केस (ती ठेवायची पेटी) हाताने करायला घेतली, तर कातडं सर्वांत आधी पाण्यातच घालावं लागतं.

क्यू मधोमध उघडली की तिचा एकेक भाग साधारण ७४ सेंटिमीटर भरतो. त्याला पुरेल अशी लांब नळी आणि वर घट्ट बसणारं टोपण, दोन्ही जाड कातड्याचं. आपल्या इंदूरच्या ज्या चामडी हत्ती-घोड्यांच्या खेळण्यांना जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्यांत आकार आतल्या तारेचा आणि लगद्याचा असतो, कातडं वरून चढतं. टोपणाच्या गोलाईत मात्र कातड्यालाच आकार धरून राहायचं असतं. ते कसं धरतं, हा मला या साऱ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. त्याचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. हा तिपेडी पिळ १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या शास्त्रज्ञांनी मांडला. साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं, कारण पिळाच्या मधोमध तेवढीच जागा असते आणि ग्लायसीन सगळ्यांत लहान. असे असंख्य रेणू मिळून तंतू होतात. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कातडं कमावलं की साल-हिरड्यातली टॅनिन ही तुरट द्रव्यं या तंतूंमध्ये शिरतात आणि त्यांना मुख्यतः हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. हे बंध एकेकटे दुबळे, पण संख्येने अफाट.

भिजवलं की पाण्याचे रेणू मध्ये घुसतात आणि यातले बरेच बंध स्वतःकडे ओढून घेतात. तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. कातडं थोडं सुकून मूळचा रंग परतू लागला की ते लाकडी साच्यावर ताणायचं. या वेळी नखाचा ओरखडाही कायमचा उमटतो. मग पाणी उडून जातं आणि तंतू आता जिथे आहेत तिथेच नवे बंध जुळतात. झालं, टोपण घडलं. बॅगा-बुटांचं बहुतेक चामडं क्रोमने कमावलेलं असतं. त्यात क्रोमियमचे बंध पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून ते साच्यावरून काढलं की पुन्हा ढिलं पडतं.

वाळवताना घाई मात्र नको. सालीने कमावलेलं ओलं कातडं साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आक्रसतं, कारण तिपेडी पिळच उलगडतो. ते मग कशानेही पूर्ववत होत नाही. क्रोमचं चामडं शंभराच्या आसपासही तग धरतं. म्हणून मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर किंवा हीट गनखाली (गरम हवेच्या झोताखाली) ही पेटी वाळवू नये. सावलीत, वाऱ्यावर, एक-दोन दिवस.

  

शिवण दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची. आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. बकल आणि रिव्हेट पितळेचेच घ्यावेत. ओल्या कातड्यावर लोखंडी खिळा राहिला, तर टॅनिन आणि लोह मिळून त्याभोवती काळंभोर कडं उमटतं. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) घालून पूर्वी शाई करायचे, तेच हे रसायन. ते कडं धुऊन जात नाही.