लायसन्स, जुनी मशीन आणि लिनक्स: ऑफिस-दुकानाच्या ग्राहकांसाठी माहिती

तुमच्यापैकी काही जणांना अलीकडे असा ईमेल आला असेल: ‘आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे किती मशीनवर चालतं, त्याचा तपशील कळवा.’ असा मेल आला की आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन वाजतो आणि मागणी बहुतेक एकच असते, ‘आजच्या आज सगळं फॉरमॅट करून द्या.’ हे काम आम्ही घेत नाही. तुम्हीही दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ नका. विचारणा आल्यावर डिस्क पुसली, तर पुरावा नष्ट केल्याचा ठपका येतो आणि पैशांत मिटणारं प्रकरण हाताबाहेर जातं.

असा प्रत्येक मेल कायदेशीर नोटीस नसतो. पुष्कळ मेल विक्री विभागाकडून आलेले असतात. तरी ते कचऱ्यात टाकू नका आणि फोनवर तोंडी आकडे तर मुळीच सांगू नका. आधी आपली मोजणी, मग लेखी उत्तर. वाद वाढला तर सॉफ्टवेअर कंपन्या अनेकदा दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावतात आणि कोर्टाने नेमलेला लोकल कमिशनर ऑफिसात येऊन मशीन तपासू शकतो. तशी वेळ आलीच, तर कमिशनरला अडवू नका. आदेशाची प्रत मागून घ्या आणि लगेच वकिलांना बोलवा. त्या टप्प्यावर आमच्यापेक्षा वकिलांचा उपयोग जास्त.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३-बी सर्वांनी एकदा वाचावं असं आहे. चोरीची कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरला, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि किमान ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद टाळून नुसत्या दंडावर सोडू शकतं. दुकान, क्लास, क्लिनिक, वर्कशॉप यांना ती सवलत नाही. आणि एकदा लेखी विचारणा हातात पडली, की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे म्हणणं टिकणं अवघड.

आधी बिलं शोधा

सॉफ्टवेअर विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण मिळते ती वापरण्याची परवानगी. भाड्याच्या फ्लॅटच्या लिव्ह अँड लायसन्स करारासारखंच हे आहे: कोण राहणार, किती दिवस, क्लास चालवायचा की नाही, सगळं करारात असतं. म्हणून मशीन ‘ॲक्टिव्हेट’ झालं म्हणजे लायसन्स मिळालं, असं नाही. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत मिळणाऱ्या ॲक्टिव्हेशन कीमधल्या बऱ्याच दुसऱ्याच एखाद्या संस्थेला दिलेल्या असतात. त्या चालतात, हिरवी खूणही दिसते, पण तुमच्या नावाचा कागद मागितला की हाती काही लागत नाही.

आमच्या पाहण्यात वारंवार येणाऱ्या काही गोष्टी सांगतो, कारण यात चोरीचा हेतू नसतो आणि म्हणूनच त्या नजरेतून सुटतात. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज त्याच लॅपटॉपचं असतं. लॅपटॉप भंगारात गेला की ते लायसन्स काढून नव्या मशीनवर लावता येत नाही. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्तीचं असेल, तर त्याच्या शर्तींत व्यावसायिक वापर बसत नाही, मग त्यावर रोज कोटेशन का बनेना. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क फुकट आहेत ते घरगुती वापरापुरते. हिशेबनिसाने घरून ऑफिसच्या मशीनवर काम केलं, की तो व्यावसायिक वापर झाला. रस्टडेस्क हा ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) पर्याय आम्ही स्वतः वापरतो आणि ग्राहकांकडेही बसवून देतो.

भोसरी, चाकणच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यात नाजूक जागा कॅडची, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची आहे. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०१६ पासून कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करत आणलं. आता दरवर्षी पैसे भरायचे. त्यामुळे जुनं अधिकृत लायसन्स ज्यांच्याकडे आहे, त्यांनी त्याचं बिल जिवापाड जपावं. ज्यांचं काम साध्या टूडी ड्रॉइंगचं आहे, त्यांनी लिबरकॅड हे मोफत सॉफ्टवेअर जरूर बघावं. थ्रीडीसाठी फ्रीकॅड आहे, त्याची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरात आली. मात्र तुमचा बडा ग्राहक ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइलच मागत असेल, तर लेयर, मापं, टेक्स्ट एकदा नीट जुळवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. डीएक्सएफवर (वेगवेगळ्या कॅडमध्ये देवाणघेवाणीची फाइल) भागत असेल तर वाट सोपी आहे.

लिनक्सवर दावा लागला होता ना?

लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्याबद्दल हा प्रश्न सीए आणि वकील ग्राहक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. मार्च २००३ मध्ये एससीओ ग्रुप या अमेरिकन कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्सचा (लिनक्सच्या आधीच्या एका ऑपरेटिंग सिस्टीमचा) कोड आमचा आहे आणि तो लिनक्समध्ये घुसवला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. पाठोपाठ सुमारे १५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं गेली, आणि लिनक्स वापरायचं तर दर प्रोसेसरला ६९९ डॉलर भरा, अशी योजनाही आली. २००७ मध्ये कोर्टाने सांगितलं की युनिक्सचा कॉपीराइट नोव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे आहे, एससीओकडे नाही. त्याच वर्षी एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे अपील झालं, पण २०१० मध्ये ज्यूरीनेही नोव्हेलच्याच बाजूने कौल दिला. आयबीएमबरोबरचं शेवटचं प्रकरण २०२१ मध्ये तडजोडीत मिटलं. इतकी वर्षं कोर्टात काढूनही लिनक्स वापरणाऱ्यांना ते सोडायला लागेल, असा निकाल कुठेच लागला नाही. कोणी आजही ‘लिनक्स कायदेशीर अडचणीत आहे’ म्हणालं, तर हा इतिहास त्यांना सांगा.

पण लिनक्सलाही लायसन्स आहे, हे आम्ही ठासून सांगतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जीपीएल या मोकळ्या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. तुम्ही ऑफिसात वापरा, दहा मशीनवर टाका, सगळं चालतं आणि कोणाला हिशेब द्यायचा नसतो. वापरण्यावर कसलंही बंधन नाही.

बंधन येतं ते प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना, आणि इथे आमच्या कारखानदार ग्राहकांनी थांबून वाचावं. तुम्ही कंट्रोल पॅनेल किंवा टेस्टिंग मशीन बनवता, आत छोटा बोर्ड असतो, त्यावर लिनक्स चालतं. ते मशीन विकलं म्हणजे लिनक्सची कॉपीही ग्राहकाला दिली. मग त्यातल्या जीपीएल भागाचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर), तुम्ही केलेल्या बदलांसकट, ग्राहकाला मिळण्याची सोय करणं तुमची जबाबदारी. कर्नलपासून वेगळा असलेला तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम सहसा यात येत नाही, तरी जोडणी कशी केली आहे त्यावर बरंच ठरतं. हे कागदावरचं बंधन नाही. जर्मनीत म्युनिकच्या कोर्टाने २००४ मध्येच जीपीएल लागू पडतो असं मान्य केलं, आणि २००७ पासून अमेरिकेत जीपीएलखालच्याच बिझीबॉक्स नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवरून उपकरणं बनवणाऱ्यांवर दावे झाले. परदेशात माल पाठवणाऱ्यांनी हे काम डिस्पॅचच्या आधी उरकावं.

लिनक्सवर कोणी यावं, कोणी थांबावं

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे पेठांमधल्या ऑफिसांतली कितीतरी धडधाकट मशीन अडून बसली आहेत. अशा मशीनवर एसएसडी आणि लिनक्सची ‘मिंट’ ही आवृत्ती टाकली, की ब्राउझर, मेल, पत्रं, बिलं ही कामं विनातक्रार होतात. लिनक्सच्याच उबुंटू २४.०४ या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. मराठी टायपिंगला अडचण नाही: इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो, फक्त चालू करावा लागतो, आणि मुक्तासारखे मोकळ्या लायसन्सचे युनिकोड फॉन्ट छापील कामातही बिनधास्त वापरता येतात.

आता नाही म्हणायच्या जागा. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. वाइनमधून (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम) चालवण्याचे प्रयोग होतात, पण मार्चअखेरच्या गर्दीत त्यावर विसंबू नका. अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्यांचं जुनं काम पेजमेकर आणि श्रीलिपीत आहे, ते तिथेच राहू द्या. कॅनॉनच्या कॅप्ट ड्रायव्हरवर चालणारे जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर छळतात. डिजिटल सिग्नेचरचा टोकन आधी तपासावा लागतो. म्हणून बहुतेक ऑफिसांना आमचा सल्ला असा: हिशेब आणि सहीसाठी एक मशीन रीतसर लायसन्सच्या विंडोजवर ठेवा, बाकीची लिनक्सवर न्या.

माणसांचाही विचार करा. म्युनिकच्या महापालिकेने हजारो मशीन लिनक्सवर नेली होती आणि २०१७ मध्ये परत फिरायचं ठरवलं. केरळच्या सरकारी शाळा मात्र वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवत आहेत, कारण तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर नेटाने काम झालं. वीस वर्षं एकाच पद्धतीने एक्सेल वापरणाऱ्या तुमच्या काकांना त्याच्या जागी वापरायचं लिबरऑफिस दाखवायला आम्ही त्यांच्या शेजारी बसतो. तो वेळ आम्ही कामातच धरतो.

लिनक्स फुकट आहे. बसवणं, डेटा हलवणं आणि शिकवणं याचे पैसे आम्ही घेतो आणि पक्कं बिल देतो. बिल नसलेलं विंडोज, क्रॅक केलेलं ऑफिस किंवा कॅड आम्ही कोणत्याही ग्राहकाच्या मशीनवर टाकणार नाही, ओळख कितीही जुनी असो.

आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. डिस्कला हात न लावता वायफाय, स्कॅनर, प्रिंटर चालतात का ते कळतं. दुकानात येताना प्रत्येक मशीनच्या खरेदीचं बिल, त्यावरच्या प्रोग्रॅमची यादी आणि प्रिंटरचा मॉडेल नंबर आणा. बिलं सापडत नसतील, तर मशीनच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल.