स्वेट इक्विटी की ईसॉप: शेअरचे पैसे कोण भरतं?

ऑफर लेटरमध्ये ‘ईसॉप’ (एम्प्लॉयी स्टॉक ऑप्शन, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची शेअर-योजना) दिसलं की मुलगा घरी सांगतो, ‘कंपनीनं शेअर दिलेत.’ दिलेले नसतात. पुढे कधीतरी, आज ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क तेवढा मिळालेला असतो. तो हक्क पिकायला, म्हणजे व्हेस्ट व्हायला, कायद्यानं किमान १ वर्ष जावं लागतं. त्यानंतरही खिशातून रोख भरल्याशिवाय शेअर नावावर होत नाही.

स्वेट इक्विटीत कर्मचाऱ्याच्या किंवा संचालकाच्या नावावर शेअर थेट होतो, तोही सवलतीत किंवा रोखीशिवाय. एरवी २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ५३ आडवं येतं: १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर ८ रुपयांना काढला, तर तो रद्दबातल. ईसॉपचा भाव कंपनीच ठरवते, पण तोही या रेषेखाली जात नाही. कलम ५४ नं सूट दिली आहे ती स्वेट इक्विटीला.

आता नावातल्या ‘स्वेट’नं, म्हणजे घामानं, फसू नका. महिन्याच्या पगारात गाळलेला घाम इथे मोजत नाहीत. लागतं ते विशेष ज्ञान, बौद्धिक संपदेचा हक्क किंवा कंपनीच्या मूल्यात घातलेली भर, आणि तिचा मोबदला नेहमीच्या पगारात धरलेला नसावा. समजा, एखादीनं नोकरीआधीच सॉफ्टवेअर लिहिलं, त्याचे हक्क तिच्याच नावावर होते आणि ते तिनं कंपनीला दिले. हे चालेल. रुजू झाल्यावर त्याच सॉफ्टवेअरमधल्या चुका ती पगारावर दुरुस्त करत असेल, तर ते नाही.

ज्ञानाची किंमत संचालकांनी आपापसात ठरवून भागत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकार लागतो आणि भागधारकांचा विशेष ठरावही. स्वेट इक्विटी वर्षाला किती द्यायची, तर भरणा झालेल्या समभाग भांडवलाच्या १५ टक्के किंवा ५ कोटी रुपये, यातलं जे जास्त ते, ही मर्यादा. एकूण २५ टक्क्यांवर जाता येत नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअपला मात्र पहिली १० वर्षं ५० टक्क्यांपर्यंत मोकळीक आहे.

प्रवर्तकांना, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्यांना, एरवी ईसॉप मिळत नाही (स्टार्टअपला इथेही १० वर्षांची सूट), म्हणून संस्थापक संचालकांची नजर स्वेट इक्विटीकडे वळते. पण कर दोन्हीकडे आहे: बाजारमूल्य आणि भरलेली रक्कम यांतला फरक पगाराचं उत्पन्न धरला जातो. त्यात स्वेट इक्विटीचे शेअर वाटपापासून ३ वर्षं विकता येत नाहीत. कर भरायचा आत्ता, शेअर मात्र कुलपात.