मामांचा व्हॉल्व्ह, बुरशीची वैरण आन् वसमतची हळद

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतपासून जवळच माझ्या मामांचं गाव आहे. उन्हाळ्यात शेतातल्या आखाड्यावर झोपायला गेलं आन् लाईट गेली की पंखा बंद, मोटार बंद, सगळं एकदम सामसूम, आन् मग शेजारच्या बाजेवरून टिक टिक टिक असा बारीक आवाज येतो. पहिल्यांदा मला वाटलं उशाखाली घड्याळ आहे. ते घड्याळ नव्हतं, मामांच्या छातीतला व्हॉल्व्ह होता.

लहानपणी मामांचा घसा सारखा धरायचा, सांधे सुजायचे, घरच्यांनी वाताचं दुखणं म्हणून तेल चोळलं आन् सोडून दिलं. घशातल्या एका जातीच्या जंतूंशी लढायला शरीर जी फौज उभी करतं ती काही मुलांमध्ये स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर तुटून पडते, त्याला संधिवाताचा ताप म्हणतात, आन् झडप खराब झाल्याचं बऱ्याचदा कळतं ते पार वीस-तीस वर्षांनी, चढावर धाप लागायला लागली की. मामांचं तेच झालं. आता त्यांच्या हृदयात खराब झडपेच्या जागी कार्बनच्या दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह आहे आन् त्याच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी ते एक बारीकशी गोळी घेतात. मी नांदेडला केमिस्ट्री शिकलो म्हणून ते मला विचारतात, "काय रे, ह्या गोळीत असं काय घालतेत की ती जन्मभर सोडू नका म्हणतेत?"

तर ही गोळी कुठून आली ते सांगतो, कारण ती गोठ्यातून आलीय.

1920 च्या दशकात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या भागात आन् कॅनडात जनावरं विचित्र मरायला लागली. शिंगं कापली किंवा खच्ची केलं तर जखमेतून रक्त थांबायचंच नाही, कधी कधी जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन धडधाकट गाय पडायची. तिकडं स्वीट क्लोव्हर नावाचं चाऱ्याचं पीक घेत, आपल्या लसूणघासाच्या कुळातलं. ह्या चाऱ्याची वाळवलेली वैरण भिजून बुरशी लागली आन् तीच जनावरांना घातली की हा रोग होतो, एवढं कॅनडातल्या फ्रँक स्कोफिल्ड नावाच्या पशुवैद्यानं शोधून काढलं होतं. उपाय सोपा होता, ती वैरण फेकून द्या. पण मंदीचे दिवस, दुसरी वैरण विकत घ्यायला पैसा नाही, कोण फेकणार? आपल्याकडं सोयाबीनचं भुसकट पावसात भिजून काळं पडलं तरी आपण उन्हात पसरून वाळवतो आन् घालतोच की, त्यामुळं त्या शेतकऱ्यांचं मला अजिबात नवल वाटत नाही.

फेब्रुवारी 1933, बर्फाचं वादळ चालू. विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आन् गठ्ठाभर खराब वैरण घालून तीनशे किलोमीटर गाडी चालवत मॅडिसनला गेला. सरकारी पशुवैद्याचं ऑफिस बंद होतं म्हणून तो विद्यापीठात जो दरवाजा उघडा दिसला त्यात शिरला, ती होती बायोकेमिस्ट्रीची लॅब, कार्ल पॉल लिंक ह्या प्राध्यापकाची. लिंककडं त्या दिवशी काहीच उत्तर नव्हतं, वैरण बंद करा एवढंच तो सांगू शकला आन् तो माणूस तसाच परत गेला. पण ते कॅनमधलं रक्त लॅबमधल्या लोकांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढची सहा वर्षं ते त्याच वैरणीच्या मागं लागले आन् जून 1939 मध्ये लिंकच्या हाताखालच्या हॅरॉल्ड कॅम्पबेलला शेवटी शुद्ध खडे मिळाले, किती, तर 6 मिलिग्रॅम. सहा वर्षांची कमाई चिमटीतसुद्धा धरता येणार नाही एवढी!

त्या पदार्थाचं नाव डायकुमारोल. ह्या चाऱ्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, कापून वाळत घातलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तो त्याचाच, आन् ते तसं रक्ताचं काही बिघडवत नाही. बुरशी मात्र त्याची मोडतोड करून दोन-दोन तुकडे जोडते आन् जे तयार होतं ते रक्त गोठू देत नाही.

कसं ते बघा. रक्त गोठवणारी प्रोटीन्स आपलं लिव्हर बनवतं आन् त्यातल्या काहींवर शेवटचा हात फिरवायला व्हिटॅमिन के लागतं. हे व्हिटॅमिन म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं समजा, एकदा काम केलं की ते उतरतं आन् एक एन्झाइम त्याला परत चार्ज करतं. डायकुमारोलसारखी औषधं तो चार्जरच जाम करतात. बॅटरी आहे पण चार्ज होत नाही, त्यामुळं प्रोटीन्स अर्धवट राहतात. आन् आधी बनलेली चांगली प्रोटीन्स काही दिवस रक्तात टिकून असतात म्हणून गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला चार-पाच दिवस जातात. म्हणजे रक्त "पातळ" होत नाही बरं का, ते तेवढंच घट्ट असतं, फक्त गोठायला उशीर लावतं. मामांना पालक, मेथी एकदम भरमसाठ खाऊ नका, रोज साधारण सारखीच खा असं डॉक्टर का सांगतात त्याचं कारण पण हेच, पालेभाजीत व्हिटॅमिन के भरपूर असतं, एका आठवड्यात बॅटऱ्यांचा ढीग आला आन् दुसऱ्या आठवड्यात एकही नाही तर गोळीचा हिशोब बसत नाही. दर महिन्याला आयएनआर नावाची रक्ताची टेस्ट करायची ती हा हिशोब बघायलाच.

पुढं लिंकच्या लॅबनं ह्याच घराण्यातली शंभराहून जास्त द्रव्यं बनवली, त्यातलं 42 नंबरचं लई जोरदार निघालं आन् 1948 मध्ये ते आधी उंदराचं औषध म्हणून बाजारात आलं, मग 1954 मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आन् 1955 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिलं. नाव वॉरफरिन. मामा घेतात ती अ‍ॅसिट्रॉम, ती ह्याच घराण्यातली, चुलत बहीण म्हणा. उंदराचं ऐकून मामा उठून बसले होते. त्यांना म्हणलं मामा, डोस किती ह्याच्यावर सगळं आहे, आन् जास्त झालं तर व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतं.

वॉरफरिन ह्या नावातलं "वॉरफ" कुठून आलं ते सांगण्यासारखं आहे. त्याच विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक नावाचे प्राध्यापक होते. अन्नावर अल्ट्राव्हायोलेट उजेड टाकला की त्यात व्हिटॅमिन डी तयार होतं हे त्यांनी शोधलं, मुलांची पाय वाकण्याची मुडदूस ह्यानं टळणार होती. एका मोठ्या कंपनीनं पेटंटसाठी भलीमोठी रक्कम देऊ केली होती, ती घेतली असती तर शोध एकाच कंपनीच्या डब्यात बंद झाला असता. स्टीनबॉक नाही म्हणाले. 1925 मध्ये नऊ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी 100 डॉलर घातले आन् विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं, पेटंट संस्थेच्या हातात, येणारा पैसा परत विद्यापीठाच्या संशोधनात. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की वॉर्फ होतं. मुडदुशीच्या शोधाचा पैसा पुढं गायीच्या रोगाच्या संशोधनाला लागला आन् त्यातून मामांच्या संध्याकाळच्या गोळीचं घराणं निघालं. मला तर हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो.

आता व्हॉल्व्ह. हृदय मिनिटाला 72 ठोके धरले तर दिवसाला लाखावर आन् वर्षाला पावणेचार कोटी वेळा ही झडप उघडते-मिटते. कुठल्या बिजागरीला एवढं काम असतं सांगा. वर परत रक्ताला ती परकी वाटली तर तिच्यावर गुठळी धरते आन् ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. मामांच्या व्हॉल्व्हमधला कार्बन मुळात अणुभट्टीतल्या इंधनाच्या बारीक गोळ्यांवर लेप द्यायला बनवला होता, तो रक्ताला बऱ्यापैकी चालतो हे 1960 च्या दशकात कळलं.

हे व्हॉल्व्ह बाहेरच्या देशांतून यायचे आन् आपल्याकडं हा रोग गरिबांच्या घरात जास्त, म्हणून त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा तिरुनल संस्थेत डॉ. वलियाथन आन् त्यांच्या टीमनं आपलाच व्हॉल्व्ह बनवायचं मनावर घेतलं. पहिलं मॉडेल फेल, दुसरं फेल, तिसऱ्यात उघडझाप करायला नीलम दगडाच्या स्फटिकाची चकती होती, इतकी कडक वस्तू, तीसुद्धा फुटली. चौथ्यात त्यांनी चकतीला एक प्रकारचं पॉलिथिन घेतलं, होय, पॉलिथिनच, पण त्याच्या साखळ्या पिशवीच्या पॉलिथिनपेक्षा कितीतरी लांब असतात आन् त्या एकमेकींत अशा गुंततात की ते झिजता झिजत नाही. कृत्रिम खुब्याच्या वाटीतही तेच असतं. कडक धातूच्या चौकटीत मऊसर चकती, त्यामुळं आवाजही कमी. 6 डिसेंबर 1990 ला तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला, नंतर तंत्रज्ञान टीटीके कंपनीकडं गेलं आन् आजपर्यंत लाखावर लोकांना तो बसलाय. मटेरियल सायन्स म्हणजे नुसतं जास्त कडक, जास्त मजबूत शोधणं असं आम्हाला कॉलेजात वाटायचं, ह्या चकतीनं माझा तो समज घालवला.

हे सगळं सांगून झालं तसं मामा म्हणले, "आन् आपल्या हळदीचं पेटंट अमेरिकेनं नेलतं, ते काय होतं मग?"

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या थप्प्या बघितलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मार्च 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला पेटंट मिळालं, नंबर 5401504, जखम भरून यायला हळदीची पूड वापरणे! संशोधक दोघं भारतीय वंशाचेच. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. माशेलकर तिचे प्रमुख होते, त्याला आव्हान दिलं आन् बत्तीस लेखी पुरावे पुढं ठेवले, संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले, शिवाय 1953 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापलेला लेख. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. इथं एक गोष्ट लक्षात घ्या, "आमची आजी खुरपं लागलं की हळद दाबायची" एवढं म्हणून चाललं नसतं, छापील पुरावा लागला. म्हणून तर 2001 पासून सरकारनं जुन्या ग्रंथांतल्या माहितीची डिजिटल लायब्ररी करायला घेतली, जगभरातल्या पेटंट ऑफिसांना ती बघता येते.

पेटंट हा एक सौदा असतो. शोध कसा करायचा ते सगळं उघड लिहून द्यायचं, बदल्यात अर्जापासून 20 वर्षं दुसऱ्यानं परवानगीशिवाय तो वापरायचा नाही. पण शोध नवा पाहिजे, त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचेल असा नको आन् उपयोगाचा पाहिजे. हळद-जखम ह्यात नवं काही नव्हतं. (वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जे मिळालं ते जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, ते वेगळं, ते त्या भागाच्या मालाचं नाव राखतं, शोध नाही.)

मग हळदीत नवं करण्यासारखं काही उरलंच नाही का? लई उरलंय. हळदीतला पिवळा गुण म्हणजे कर्क्युमिन, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. फोडणीत चिमूट टाकली की तेल लगेच पिवळंजर्द होतं, पण तांब्याभर पाण्यात टाकून ठेवा, थोड्या वेळात तळाशी गाळ. पोटात गेलं तरी तेच, रक्तात फार थोडं उतरतं आन् जे उतरतं त्याला आतडं आन् लिव्हर लगेच काढून टाकतं. 1998 मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पिपेरीनसोबत दिलं तर माणसांमध्ये कर्क्युमिनचं शोषण वीस पटींनी वाढतं. दुसरा रस्ता धाग्यांचा. सिरिंजमध्ये पॉलिमरचं, म्हणजे पॉलिथिनसारख्या लांब साखळ्यांच्या पदार्थाचं, द्रावण घ्यायचं, सुईला काही हजार व्होल्ट द्यायचे, थेंबाचं टोक ओढलं जाऊन केसाच्या शे-दोनशेव्या भागाएवढा धागा सुटतो आन् समोरच्या पत्र्यावर जत्रेतल्या बुड्ढीच्या बालांसारखी जाळी जमते. त्या धाग्यात कर्क्युमिन आधीच मिसळलं तर पट्टीतून ते जखमेवर हळूहळू सुटत राहतं. धागा कशाचा, किती जाड, औषध किती दिवसांत सुटणार, ह्यात जर कोणी खरंच नवं आन् न सुचणारं केलं तर त्याला पेटंट मिळू शकतं. नुसती हळद आन् मिरी एकत्र कुटली तर आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3 प्रमाणं मिळत नाही, त्यात पारंपरिक ज्ञान आन् नुसती मिसळ दोन्ही वगळलेत.

नांदेड, संभाजीनगर, परभणीत प्रोजेक्ट करणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीनं सांगणं आहे, आधी पोस्टर लावून, पेपर छापून, रील टाकून मोकळं होऊ नका. एकदा उघड झालं की ते नवं राहत नाही, कायद्यात थोड्या सवलती आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आधी पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज करा, पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात, मग खुशाल पेपर छापा. 2021 पासून शैक्षणिक संस्थांना फीमध्ये 80 टक्के सूट आहे, म्हणजे पैशाचं कारण पण फार उरलं नाही. आमच्या बॅचला हे कोणी सांगितलं नव्हतं, एका मित्राचं चांगलं काम कॉलेजच्या प्रदर्शनात लागलं, सगळ्यांनी फोटो काढले आन् पेटंटचा विषय निघाला तो दोन वर्षांनी.

परवा मामांच्या हातात एक डबी दिसली, पुतण्यानं ऑनलाईन मागवलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल, मिऱ्याचा अर्क घातलेल्या, "शोषण जास्त" असं वर लिहिलेलं. भाजीतली हळद मामा जन्मभर खातेत, तिचं काही नाही, ती रक्तात उतरतेच किती. पण ज्या कर्क्युमिनला रक्तात उतरायला शिकवलंय ते मग औषधासारखं वागतं, रक्त गोठण्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, आन् मामांच्या गोळीची हद्द आधीच इतकी बारीक की थोडं इकडं झालं तर गुठळी आन् तिकडं झालं तर रक्तस्राव. मी डबी बाजूला ठेवायला लावली आन् पुढच्या आयएनआरला जाताना डॉक्टरला दाखवायला पिशवीत टाकून दिली.