नव्याने बांधलेल्या इंजिनाची सिलिंडर-गळती तपासणी

मोटारीचे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधल्यानंतर त्याचा प्रत्येक सिलिंडर दाबलेली हवा कितपत धरून ठेवतो, हे मोजण्याची ही पद्धत आहे. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट (ब्लॉक व हेड यांच्यामधील पातळ पट्टी) ही हवा कोंडून धरतात. यांपैकी एक जरी नीट बसले नाही, तरी इंजिनाची ओढ कमी होते, ऑइल जळते आणि अ‍ॅव्हरेज घटते. पुण्यात या तपासणीला आणखी एक महत्त्व आहे, कारण येथे इंजिनाचे काम बहुधा विभागून होते: रिंगा आणि गॅस्केट नाना पेठेतून येतात, ब्लॉकचे बोअरिंग-होनिंग (सिलिंडरची आतली भिंत, म्हणजे बोअर, कापून व घासून नीट करणे) भोसरीसारख्या औद्योगिक भागातील वर्कशॉपमध्ये होते आणि जुळणी तिसऱ्याच गॅरेजमध्ये होते. हवा नेमकी कोठून निसटते हे कळल्याशिवाय काम कोणाकडे परत पाठवायचे, हे ठरवता येत नाही.

तपासणीचे दोन प्रकार आहेत: कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन. कॉम्प्रेशन तपासणीत सगळे स्पार्क प्लग काढून, इग्निशन व इंजेक्टरचे कनेक्टर सोडून, एका प्लगच्या जागी गेज बसवतात आणि अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारतात. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद राहिला किंवा बॅटरी उतरलेली असली, तर उत्तम इंजिनही कमी दाब दाखवते. पेट्रोल इंजिनात साधारणपणे दर चौ. सेंमी.ला १० ते १३ किलो दाब मिळतो. मात्र आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची असून ती १० ते १५ टक्क्यांहून अधिक नसावी. काटा कसा चढतो हेही पाहण्यासारखे असते. चांगल्या सिलिंडरमध्ये पिस्टनने हवा पहिल्यांदा दाबताच तो अर्ध्यापुढे झेप घेतो आणि चार-पाच वेळा दाबल्यावर स्थिरावतो. रिंगा सैल असतील तर हळूहळू चढत राहतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर खालीच अडकतो. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला, तर संशय रिंगांवर जातो आणि वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटवर. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरांचा दाब पडलेला असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट आधी पाहावे.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबापेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. त्यामुळे मुंबईत १२ किलो दाखवणारे इंजिन बोरघाट चढून पुण्यात आल्यावर ११.२ किलोच्या आसपास दाखवते. कंपनीच्या पुस्तकातील आकडा जसाच्या तसा लावून येथील चांगल्या इंजिनाला दोष देणे चुकीचे आहे.

दुसऱ्या, म्हणजे लीक-डाउन तपासणीवर उंचीचा जवळपास परिणाम होत नाही, कारण तिच्यात हवा कॉम्प्रेसरमधून दिली जाते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना तो सर्वांत वर येतो त्या जागी) आणून सुमारे ७ किलो दाबाची हवा बारीक छिद्रातून सिलिंडरमध्ये सोडतात. छिद्राच्या दोन्ही बाजूंना गेज असतात. अलीकडे ७ आणि पलीकडे ६.३ किलो दिसल्यास गळती १० टक्के धरतात. पिस्टन एक्झॉस्टच्या टॉपवर राहिला, तर उघड्या व्हॉल्व्हमधून सगळी हवा निघून जाते आणि निरोगी इंजिन पार निकामी भासते. ७५ मिमी व्यासाच्या पिस्टनवर या दाबाने ३०० किलोहून अधिक जोर येतो. पिस्टन टॉपपासून किंचितही सरकलेला असेल, तर क्रँक झटक्याने फिरतो. क्रँकच्या नटावर पाना तसाच ठेवून हवा सोडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

या तपासणीचे खरे मोल कानाने ऐकण्यात आहे. कॉम्प्रेसरची टाकी भरताच तो बंद करावा, रबरी नळीचे एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे एकेका जागी न्यावे. थ्रॉटलपाशी फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा गळत आहेत असे समजावे. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले, तर गॅस्केट गळते किंवा हेडला तडा आहे.

नव्या बांधणीच्या इंजिनात हे मार्ग सारख्या वजनाने मोजू नयेत. होनिंगने बोअरवर उठलेल्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा आणि नव्या रिंगा एकमेकांना घासून बसायच्या असतात. तोवर थंड इंजिनात रिंगांवाटे १५-२० टक्के गळती दिसली, तरी घाबरून इंजिन उघडू नये. जळत्या वायूचा दाब रिंगांच्या मागे शिरून त्यांना बोअरवर दाबतो आणि हा दाब गाडी ओढीवर असतानाच पुरेसा मिळतो. त्यामुळे नवे इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवणे, ही काळजी घेण्याची रीत नव्हे. त्याने बोअर गुळगुळीत चकाकतो आणि रिंगा कधीच बसत नाहीत. व्हॉल्व्ह आणि गॅस्केटला मात्र अशी मुभा नाही. तेथील गळती गाडी चालवून भरून येत नाही, उलट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळू लागतो, म्हणून तेथे फुसफुस ऐकू आली तर त्याच वेळी काम थांबवावे. लॅपिंग केलेले (व्हॉल्व्ह त्यांच्या सीटवर घासून जुळवलेले) हेड बसवण्यापूर्वी उलटे ठेवून पोर्टमध्ये (हवा व धूर जाण्याच्या वाटेत) रॉकेल ओतले आणि व्हॉल्व्हच्या कडेने ओल आली नाही, की हा प्रश्न बाकावरच सुटतो. इतक्या कमी वेळात होणारी ही चाचणी टाळू नये.

जुळणीच्या वेळी बोअरमध्ये भरपूर ऑइल लावलेले असल्यास पहिला कॉम्प्रेशनचा आकडा फसवा, चढा येतो. उलट टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ क्रँकशी जुळवणारा पट्टा) एका दात्याने चुकला, तर सगळ्याच सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी येते, पण लीक-डाउन चांगले निघते. दोन्ही तपासण्या का कराव्यात याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातील फट) कमी ठेवली गेल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि निर्दोष लॅपिंगवर ठपका येतो. पुण्यात सीएनजीवर धावणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. कोरड्या वायूमुळे त्यांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात आणि गॅप आपोआप घटत जाते, म्हणून अशा इंजिनात गॅप पुन्हा तपासल्याशिवाय हेड उतरवू नये.

डिझेल इंजिनात दाब २५ ते ३५ किलो असतो, त्यामुळे वेगळे गेज लागते आणि ते ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या जागी बसवतात. ऑइल सोडून मोजण्याची युक्ती तेथे वापरत नाहीत, कारण पिस्टनवरची जागा फार थोडी असते आणि ऑइल पेटूही शकते.

लीक-डाउन तपासणी दुसऱ्यांदा सुमारे १००० किमी चालल्यानंतर, इंजिन गरम असताना करतात. तोवर बसलेल्या रिंगांची गळती १० टक्क्यांच्या आत यावी. क्रोम रिंगांना त्याहून अधिक अंतर लागू शकते. पहिल्या वेळचे आकडे, इंजिन थंड होते की गरम आणि फुसफुस कोठे ऐकू आली, हे सिलिंडरवार जॉब कार्डावर लिहिलेले असेल, तरच या दुसऱ्या आकड्यांची तुलना करता येते.