रे हॅरून: जिंकलेली शर्यत आणि न मिटलेला हिशेब

रे हॅरून हा अमेरिकेतला मोटार शर्यतींचा चालक, मुळात इंजिनिअर. १९१०चा हंगाम संपवून त्याने शर्यती सोडल्या होत्या. इंडियानापोलिसला ५०० मैलांची पहिली शर्यत ठरली, तेव्हा गाडी बनवणाऱ्या कंपनीने गळ घातली म्हणून तो परतला.

३० मे १९११. विटांचा ट्रॅक, अडीच मैलांच्या २०० फेऱ्या, ४० गाड्या. बाकीच्या चालकांशेजारी मेकॅनिक बसलेला, मागून कोण येतंय ते सांगायला. हॅरूनची पिवळी ‘वास्प’ एका माणसापुरतीच. हे धोक्याचं आहे अशी ओरड झाली, तेव्हा त्याने समोर आरसा बसवला. ‘आरशाचा जनक’ हे बिरूद इथून चिकटलं. पण विटांवर गाडी इतकी थरथरायची की आरशात धड काही दिसत नव्हतं, हे पुढे त्यानेच सांगितलं. टायर वाचवायचे म्हणून त्याने वेग बेताचा ठेवला. मधल्या काही फेऱ्या बदली चालकाने मारल्या. त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

खरा घोळ मोजणीचा. शर्यत निम्म्यावर येत असताना वेळनोंदणीच्या मंचासमोरच अपघात झाला. एका गाडीतला मेकॅनिक ट्रॅकवर पडला, त्याला चुकवताना मागची गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, उभ्या गाडीवर आदळली. नोंदी ठेवणारे जिवाच्या भीतीने पांगले. तेवढ्या वेळात कोणाच्या किती फेऱ्या झाल्या, हे ठामपणे कोण सांगणार? लोझियर गाडीच्या चालकाचा दावा होता की पहिला आपणच. पंचांनी कागद पुन्हा तपासले, खालचे क्रमांक हलले, हॅरूनचा पहिला नंबर मात्र टिकला: ६ तास ४२ मिनिटं, सरासरी ताशी सुमारे ७४.६ मैल, १ मिनिट ४३ सेकंदांची आघाडी. मोजणीचीच खात्री नसताना सेकंदापर्यंतचा हा आकडा जरा धीटच वाटतो. तरी निर्णय उलटवण्याइतका पुरावाही पुढे आलेला नाही.

हॅरून त्यानंतर शर्यतीत उतरला नाही. स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली, ती १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. १९६८मध्ये, ८९व्या वर्षी तो गेला.

‘१९१०चा राष्ट्रीय विजेता’ ही त्याची पदवीही जपून वाचावी. त्या हंगामात गुणतक्ता नव्हता. जुने निकाल घेऊन १९२०च्या दशकात गुण लावले गेले. त्याच हिशेबात १९११च्या रकान्यात नाव पडलं ते लोझियरवाल्याचं.