जाड कापडाचा कोट, घरच्या मशीनवर

गोव्यातल्या थंडीला कोट लागत नाही. डिसेंबरच्या पहाटे सत्तरी तालुक्यात गारठा पडतो, तोही चादरीत भागतो. इथे कोट शिवला गेला तो मानासाठी, नाहीतर परमुलखातल्या थंडीसाठी.

मानाची गोष्ट जुनी आणि कडवट. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना पुडवें (धोतर) घरातसुद्धा नेसायला बंदी केली. हिंदू घरांत धोतर टिकलं आणि नंतर नोकरीपेशातल्या माणसांनी त्याच धोतरावर कोट चढवला. तो सुती, पातळ. कुठल्याही पायमशीनवर सरळ टीप मारून व्हायचा.

लोकरीच्या जाड कोटाची गरज पासपोर्टाने आणली. गोवा भारतात येण्याआधी, १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, इथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क पुढेही राहिला, मुला-नातवंडांपर्यंत पोचला. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला आणि पुढे त्याच पासपोर्टावर माणसं इंग्लंडात, स्विंडनसारख्या गावांत कामाला लागली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने २०२१ पासून ती वाट अरुंद झाली. पण तोवर घरोघरच्या शिवणाऱ्या बायका जाड कापडाशी झटायला शिकल्या होत्या.

खरा वाद इथेच आहे: छातीला आणि कॉलरला आत काय घालायचं? कॅनव्हास, म्हणजे आतला ताठ कापडाचा थर, हाताने टाके घालून बसवायचा, की इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग वापरायचं? फ्युजिंगवाले म्हणतात, दोन दिवसांचं काम तासाभरात उरकतं. उरकतं, खरं आहे. पण जाड लोकरीतून इस्त्रीची धग डिंकापर्यंत नीट पोचत नाही. मग पहिल्याच पावसाळ्यात, कपाटाच्या दमटपणात, छातीवर फुगे येतात. कॅनव्हास कापडाबरोबर वळतो. लॅपेल, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडणारी पट्टी, बोटावर गुंडाळून तिरके बारीक टाके घालत गेलं की तो आपणहून दुमडतो, इस्त्रीने दाबून बसवावा लागत नाही. वेळ वाचवायचाच असेल तर खिशांवर वाचवावा.

बाकी युक्त्या सगळ्यांना ठाऊक आहेत: सोळा-अठरा नंबरची सुई, मोठा टाका, कापण्याआधी वाफ देऊन कापड आटवणं. शिवणीच्या आतल्या कडा मात्र एकसारख्या कापू नयेत. एक कमी, एक जास्त ठेवावी, म्हणजे बाहेर वळ उठत नाही. कॉलर आणि लॅपेल जुळतात तिथे सात-आठ थर येतात, मशीनचा पाय पुढून उचलला जातो आणि टीप अडते. तिथे पायामागे तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवायची, पाय सपाट होतो.

राहता राहिलं काज. शब्दकोश हा शब्द पोर्तुगीज 'कासा'कडे नेतात. कासा म्हणजे घर, बटणाचं. एवढ्या जाडीत घरच्या मशीनवर ते घर नीट बांधलं जात नाही. म्हणून सगळा कोट घरी शिवूनही शेवटी तो पिशवीत घालून बाजारातल्या काज-बटणवाल्याकडे न्यावा लागतोच.